बाटलीवरची पेन्सिलची रेघ

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या विद्यार्थ्यांना कांद्याच्या मुळाची स्लाइड कशी दाबावी ते दाखवत होतो. अंगठा काचेवर टेकलेला होता, म्हणून पहिल्यांदा फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा एका विद्यार्थिनीने तो उचलून माझ्या कानाशी धरला. प्रज्ञाने एवढेच सांगितले, "सर, पप्पा गेले. आज सकाळी." मी "बरं" म्हणालो. कोणाच्या मृत्यूची बातमी ऐकून कोणी "बरं" म्हणते का... पण माझ्या तोंडून तेच आले. ती स्लाइड बिघडली. दुसरी करायला घेतली, तीही बिघडली. मग मी विद्यार्थ्यांना आकृती काढायला सांगून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तिथे काचेच्या छोट्या बाटल्यांच्या तोंडांवर कांदे ओळीने बसवलेले होते, त्यांची पांढरी मुळे पाण्यात उतरली होती. असे कांदे बसवायला मला प्रज्ञाच्या वडिलांनी, अशोक साळवे यांनी, शिकवले होते. त्या फोनला आता सहा आठवडे होत आले.

सावेडीतल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात साळवे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, आणि मी त्याच विभागात शिक्षक. आम्ही दोघे एकाच वर्षी लागलो, वयानेही बरोबरीचे. तरीही ते मला शेवटपर्यंत "सर" म्हणत राहिले आणि मी त्यांना नुसते "साळवे". इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगे वाटले नाही. आता हे लिहिताना प्रत्येक वेळी ते आडनाव एकटे उमटते आणि खटकते. पण दुसरे काही म्हणण्याची सवय मी स्वतःला लावली नाही, तेव्हा इथेही तेच राहू दे.

कांद्याची मुळे सकाळच्या ठरावीक वेळेतच तोडायची, कारण त्या वेळी पेशी विभागत असतात, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण कोणता कांदा मुळे धरील आणि कोणता कुजेल हे साळवे यांना हातात घेताच कळे. मुळाचे टोक रंगवून, काचेखाली ठेवून, वर टिपकागद धरून ते अंगठ्याने असे दाबत की पेशी एकमेकींपासून सुट्या होत, पण काच तसूभरही सरकत नसे. सूक्ष्मदर्शकात पाहिले की गुणसूत्रे अशी मोकळी दिसत की मोजून घ्यावीत. मी केलेल्या स्लाइडमध्ये तीच गुणसूत्रे कोंडाळे करून बसलेली असत. विद्यार्थी हे ओळखून असत, आणि परीक्षेच्या दिवशी साळवे यांना हळूच म्हणत, "मामा, तुम्हीच दाबून द्या ना." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "दाबतो. पन कांद्याला रडू नका. रडवायला सर हायेत." हे मला ऐकू जाईल एवढ्या आवाजातच ते म्हणत.

महाविद्यालयाच्या फाटकाशी गडद गुलाबी बोगनवेल आहे. एके वर्षी तिच्या एकाच फांदीला पांढरा बहर आला. साळवे मला हाताला धरून तिथे घेऊन गेले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, ही फांदी घराण्यावर गेली न्हाई." मी हसलो, आणि मग माझ्या सवयीप्रमाणे व्याख्यान दिले. पेशी विभागताना जनुकांची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित चूक होते, तिला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही, काहींनी एखादा जीव नव्या परिस्थितीत तगून जातो, काहींनी तो मोडतो. या फांदीच्या मूळ अंकुरात अशी एखादी चूक झाली असणार. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मंग ही चूक पुढच्या झाडात जाती का?" मी म्हणालो, फांदीतली चूक फांदीपुरती राहते, कलम केले तरच पुढे जाते. बीजात झालेली चूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. "म्हंजी झाडाचा काय गुन्हा न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षे वर्गात गंमत म्हणून सांगत असे.

त्यांच्या अंगठ्याखालच्या काचा तडकू लागल्या ते साधारण आठ वर्षांपूर्वी. आधी आठवड्यात एखादी, मग रोज. परीक्षानळ्या हातून निसटू लागल्या. धुण्याच्या सिंकमध्ये त्यांनी जुन्या गोणपाटाची घडी करून अंथरली, म्हणजे पडले तरी फुटू नये आणि आवाज होऊ नये. मी ती पाहिली आणि माझ्या मनात आले की हा माणूस काहीतरी लपवतो आहे. त्यांची चाल बदलली होती. एखादे पाऊल उगाच लांब पडे, खांदा झटका दिल्यासारखा वर जाई. बोलणे जरासे जड झाले होते. कधी नव्हे ते एका विद्यार्थ्यावर ओरडले. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी डोळे मिचकावून म्हणाले, "तुमच्या साळवेंच्या ताब्यात स्पिरिटचं कपाट आहे ना?" मी त्या वाक्याला हसलो नाही. मात्र ते वाक्य माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आले.

त्या कपाटात स्पिरिटची एक उंच काचेची बाटली आहे. तिच्यावर उभे, लांबट कागदी लेबल आहे, अक्षर साळवे यांचे. रोज सकाळी कपाट उघडून ते सगळ्या बाटल्या पुसत आणि प्रत्येक बाटलीचे लेबल पुढे करून ठेवत. एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी ती बाटली काढली, स्पिरिटची पातळी जिथे होती तिथे लेबलावर पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि बाटली परत ठेवली. ज्या माणसाबरोबर मी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले, त्याच्यावर मी ही पाळत ठेवली. त्याला सरळ विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आठवड्याभराने पानातले हरितद्रव्य काढण्याचा प्रयोग होता. त्यासाठी लागणारे स्पिरिट आम्ही नव्या कॅनमधून काढले, कपाटातल्या बाटलीला हात लावावा लागला नाही. साळवे भरलेले चंचुपात्र घेऊन टेबलापाशी येत होते, तेवढ्यात त्यांचा हात हवेत उडाला. पात्र फुटले, स्पिरिट त्यांच्या सदऱ्यावर सांडले, आणि ते स्वतः टेबलाला धडकून खाली बसले. बर्नर अजून पेटवला नव्हता म्हणून निभावले. मुली किंचाळल्या, बाजूच्या खोलीतून प्राचार्य धावत आले. सदऱ्याला वास येतच होता. त्यांनी साळवे यांच्याकडे पाहिले आणि प्रश्न मला विचारला, "हे पिऊन आलेत का?" मी म्हणालो, "गेले काही महिने यांची चाल ठीक नाही, सर... असू शकेल." साळवे जमिनीवरून माझ्याकडे पाहत होते. 

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाट उघडले. स्पिरिटची पातळी बरोबर रेघेवर होती. मी बाटली उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. रेघेवरच. मग मी खिशातले खोडरबर काढले, ती रेघ खोडली, आणि बाटली लेबल भिंतीकडे करून ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लेखी जबाब मागितला गेला, तेव्हा मी तीन ओळी लिहिल्या. त्यांतली शेवटची अशी होती की साळवे यांनी मद्यप्राशन केलेले असावे. ते केलेले नाही हे मला ठाऊक होते. पण रेघेविषयी सांगायचे तर पाळत सांगावी लागली असती, आणि आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोललेले मागे घ्यावे लागले असते. साळवे यांनी स्वतःचा जबाब स्वच्छ अक्षरात लिहिला होता. मी दारू पीत नाही. आमच्या घरात पंचशील पाळले जाते. दोनच वाक्ये. त्यावर विश्वास ठेवण्यासारखे कार्यालयाला काही मिळाले नाही, कारण जे होते ते मी खोडून टाकले होते. त्यांना महिनाभर निलंबित केले, सेवापुस्तकात कर्तव्यावर मद्यधुंद आढळल्याचा शेरा आला. निलंबन सुरू होण्याआधीच्या शनिवारी ते किल्ल्या द्यायला आले. जाण्यापूर्वी त्यांनी कपाट उघडून सगळ्या बाटल्या पुसल्या. ते गेल्यावर पाहिले, तर भिंतीकडे फिरवलेले लेबल पुन्हा पुढे आले होते. मी ते परत भिंतीकडे वळवले.

परत आल्यावर त्यांना प्रयोगशाळा मिळाली नाही, फाटकावर बसवले. पुढची दोन वर्षे मी रोज त्या बोगनवेलीखालून गेलो. ते उठून उभे राहत, तोल सावरत, आणि म्हणत, "नमस्कार, सर." मी मान हलवून पुढे जात असे. नमस्काराला नमस्काराने उत्तर द्यायलाही थांबावे लागते, आणि थांबणे मला नको होते.

मग एके दिवशी ते फाटकाशीच पडले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासताना पहिला प्रश्न त्यांच्या वडिलांबद्दल विचारला आणि रक्त जनुकीय तपासणीसाठी पाठवले. तो अहवाल घेऊन प्रज्ञा माझ्या घरी आली. ती त्यांची एकुलती मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, नागापूरला एका कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी करते. "डॉक्टरांनी सांगितलं, पण आईला काही कळलं नाही आणि मला अर्धंच कळलं. तुम्ही शिकवलं होतं ना सर, म्हणून आले." अहवालावर हंटिंग्टनचा आजार असे लिहिले होते. मी तो वाचला, आणि आठ-दहा महिन्यांच्या त्या तडकलेल्या काचा, लांब पडणारे पाऊल, उडणारा खांदा, सगळे एका ओळीत येऊन उभे राहिले. हे नाव मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. एका जनुकात तीच तीन अक्षरे एकामागून एक येतात, ती मर्यादेपेक्षा जास्त वेळा आली की मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. चाळिशीच्या आसपास हातपाय आपल्या मर्जीने हलू लागतात, आणि पाहणाऱ्याला माणूस झिंगल्यासारखा वाटतो. हे शेवटचे वाक्यसुद्धा मी वर्गात सांगत असे. ज्या टेबलाशी उभा राहून सांगत असे, त्याच्या पलीकडे साळवे नळ्या धूत असत.

प्रज्ञाला समजावताना माझ्या हाताने सवयीने कागदावर चौकट काढली, आईवडिलांची जनुके बाजूंना लिहिली, मधल्या चार घरांपैकी दोन भरली. मग माझा हात थांबला. त्या घरांत कोण आहे हे तिला माझ्या आधी कळले होते. "म्हणजे मीसुद्धा," ती म्हणाली. मी म्हणालो, शक्यता अर्धी आहे, तपासणी करून घेता येईल. तिने कागदाची घडी घातली. "कळल्यावर काय करायचं, ते तुम्ही शिकवलं नव्हतं, सर." यात टोमणा नव्हता. तिने आजवर तपासणी केलेली नाही. ती करावी की करू नये हे मी तिला सांगितलेले नाही, आणि तो अधिकार मला आहे असेही मानत नाही.

साळवे यांनी मात्र तो अहवाल जसा घेतला, ते मला अजून पचलेले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते कॉटवर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून धरलेले, हलू नयेत म्हणून. चेहरा उजळला होता. "म्हंजी आमचा बाप पीत न्हवता, सर," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या वडिलांची गोष्ट कळली. ते मिरजगावचे. तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातून दारू कायमची गेली. चाळिशीत त्यांचे पाय वाकडे पडू लागले. हायवेच्या कडेने निघाले की हात हवेत उडत, आणि हॉटेलापुढच्या बाकांवरून लोक म्हणत, दीक्षा घेतली, पन बाटली न्हाई सुटली. साळवे तेव्हा शाळेत होते. त्यांनीही लोकांचेच खरे धरले. वडिलांशी बोलणे सोडले आणि शिकायला नगरला निघून आले. "एकदा दुपारचे झोपले हुते. मी त्यांच्या तोंडापाशी नाक नेऊन हुंगलं. वास न्हाई आला... तरी मी मानलं न्हाई, सर. म्हनलं, हुशार हाय म्हातारा."  साळवे यांनी स्वतः आयुष्यभर दारूला न शिवण्याचे कारण त्यांचे वडील होते, जे कधी प्यायलेच नव्हते. त्या वेळी मी रेघेचे सांगायला हवे होते. यापेक्षा योग्य क्षण कोणता असणार होता... मी चहा संपवला आणि उठलो.

आजारपणाच्या कारणाने त्यांनी नोकरी सोडली. वर्षे गेली. गेल्या पावसाळ्याअखेर प्रज्ञा पुन्हा आली, या वेळी एकच मागणे घेऊन. पप्पांना गिळता येईनासे झाले आहे, डॉक्टरांनी फार दिवस सांगितलेले नाहीत, आणि ते अजून त्या शेऱ्याचे बोलतात. आजोबांच्या मागे गावाने जे लावले तेच आपल्या मागे कागदावर राहणार, याचा त्यांना जाच होतो. "रक्तातलं कुणाला काढता येत नाही, सर. कागदावरचं तरी काढा. तुमचा जबाब आहे त्यात. तुम्ही लिहून दिलंत तर होईल, असं ऑफिसात म्हणतात." तिला रेघेचे ठाऊक नव्हते. आजार तेव्हा ओळखला गेला नाही, एवढे मी लिहावे, अशी तिची अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी मी नागापूरला त्यांच्या घरी गेलो. वंदनाताई, म्हणजे साळवे यांच्या पत्नी, त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. अंग अगदी वाळले होते, आणि त्या वाळलेल्या अंगाला एक क्षण स्थिरता नव्हती. मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळे सांगितले. रेघ, पातळी, खोडरबर, जबाब. वंदनाताईंचा चमचा वाटीत तसाच राहिला. साळवे यांचे बोलणे एव्हाना तुकड्यांनी येत असे. जे मला समजत नसे ते वंदनाताई परत म्हणून दाखवत.

"ठाऊक... हुतं," ते म्हणाले.

मला वाटले मी चुकीचे ऐकले. वंदनाताईंनी खाली पाहत तेच शब्द पुन्हा म्हटले.

"रोज... पुसायचो ना... बाटली. रेघ दिसली. मंग... खोडलेली बी दिसली."

मी विचारले, मग तुम्ही चौकशीत बोलला का नाहीत? ते बराच वेळ ओठ जुळवत राहिले.

"तुमी बोलाल... म्हनलं."

त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते हसू होते की आजाराने ओढलेला ओठ, हे मला सांगता येणार नाही. "लई येळ... लावला, सर," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातात सारखा उसळत होता, पकडलेल्या पाखरासारखा. आठ दिवसांत लिहून देतो, असे मी त्यांना सांगितले. वंदनाताईंनी मला दाराशी पोहोचवले नाही, आणि ते योग्यच झाले.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. मी लिहीत नव्हतो असे नाही. रोज लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात पाळत फार उघडी पडत होती, दुसऱ्यात प्राचार्यांवर ठपका येत होता, तिसऱ्यात आजाराचे वर्णन लांबले आणि रेघ एका उपवाक्यात दडली. मला भाषा नीट लिहिता येते असे लोक म्हणतात. जे चार शब्दांत सांगता आले असते, त्याभोवती मी तीन आठवडे भाषा नीट करत बसलो. पाचवा मसुदा प्रयोगशाळेच्या खणात होता, तेव्हा प्रज्ञाचा तो फोन आला.

साळवे यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी मागच्या रांगेत बसलो. भंतेजी एकेक शील म्हणत, आणि सगळा मांडव त्यांच्यामागून म्हणे. चार शीले मीही सगळ्यांबरोबर म्हटली. पाचवे मद्यापासून दूर राहण्याचे. मांडवातल्या सगळ्यांनी ते मोठ्याने म्हटले, पुढे बसलेल्या प्रज्ञाने सर्वांत मोठ्याने. माझा आवाज निघाला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी अर्ज दिला. कार्यालयाने तो आवक करून घेतला आणि सांगितले की कर्मचारी हयात नसल्यामुळे काय करता येईल ते पाहावे लागेल. शेरा निघेल की नाही, मला माहीत नाही. मात्र ज्यांनी त्यांना त्या दिवशी जमिनीवर बसलेले पाहिले, जे फाटकातून जाताना एकमेकांकडे पाहून हसले, जे विद्यार्थी आता मोठे होऊन गावोगाव गेले आहेत, त्यांच्यापर्यंत तो अर्ज कधीच जाणार नाही. म्हणून हे छापून सगळ्यांपुढे यावे यासाठी या अंकातली ही जागा मी मागून घेतली. अशोक साळवे दारू पीत नव्हते. त्यांचे वडीलही पीत नव्हते. वडिलांचे मला पुढे कळले, पण साळवे पीत नव्हते हे मी जबाब लिहिला त्याच्या आदल्या संध्याकाळीच कळले होते, आणि तरीही मी तो लिहिला.

सिंकमधले गोणपाट मी काढलेले नाही. स्पिरिटची ती बाटलीही कपाटात आहे. लेबलाच्या ज्या जागी खोडरबर घासले तिथे कागद विरून पातळ झाला आहे, आणि उजेडात धरले की तेवढीच आडवी पट्टी फिकट दिसते. रेघ खोडली, तरी ती कुठे होती ते राहिले. इतकी वर्षे ती बाटली भिंतीकडे तोंड करून होती. आता रोज सकाळी पहिल्या तासाआधी मी कपाट उघडतो, फडके घेतो, बाटल्या एकेक पुसतो, आणि सगळ्यांची लेबले पुढे करून ठेवतो. तिचेही.